विचाराला इंग्रजीची वाट पाहायला लावू नका

नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळांत इंग्रजी कसे शिकवावे याविषयी बोलणे निघाले की एक मत हमखास पुढे येते. मुलांना आधी चार वाक्ये इंग्रजीत धड लिहिता-वाचता येऊ द्या. प्रश्न विचारणे, पुरावा तपासणे, स्वतःचे मत मांडणे हे सगळे नंतरचे. हे मत मांडणारे मुलांचे वाईट चिंतणारे नाहीत. मुलांच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिलेल्या असतात. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण 69 टक्क्यांच्या घरात आहे. अक्राणी किंवा अक्कलकुव्यातले मूल घरी पावरी किंवा भिली बोलते, नवापूरकडचे मावची किंवा कोकणी, शहादा-नंदुरबारकडचे अहिराणी किंवा गुजरी. शाळेत आल्यावर त्याला मराठी शिकावी लागते, तिच्या जोडीला पहिलीपासून इंग्रजी आणि पाचवीपासून हिंदी. एवढ्या भाषांचा भार वाहणाऱ्या मुलावर चिकित्सक विचाराचा आणखी भार कशाला, हा प्रश्न कळकळीचा आहे. पण त्यातले गृहीतक चुकीचे आहे. विचार हा भाषेच्या वर ठेवायचा वेगळा भार नव्हे. परकी भाषा वापरून पाहावी असे मुलाला ज्यामुळे वाटते ते कारण विचारातूनच मिळते. ते कारण आपण काढून घेतो, म्हणून दहा वर्षे शिकूनही इंग्रजी या मुलांच्या हाती लागत नाही, असे माझे म्हणणे आहे.

'नंतर'ची ही कल्पना आधी तपासू. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. म्हणजे आता एक संपूर्ण पिढी दहा-दहा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडली आहे. विचाराची पाळी भाषा आल्यावर येणार असेल, तर ती कोणत्या इयत्तेत आली? शिक्षणाच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2023 च्या अहवालासाठी 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यांतल्या 57.3 टक्क्यांनाच इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यापैकीही चौथा हिस्सा त्या वाक्यांचा अर्थ सांगू शकला नाही. अर्थ न कळता वाक्य वाचता येणे, ही स्थिती आपोआप येत नाही. वर्षानुवर्षे उतारा मोठ्याने वाचून घ्यायचा, शिक्षकाने मराठीत त्याचा अर्थ सांगायचा, प्रश्नांची उत्तरे फळ्यावरून उतरवून घ्यायची आणि परीक्षेआधी गाईड पाठ करायचे, या पद्धतीने ती तयार होते. या साखळीत मुलाने काही ठरवावे अशी एकही जागा येत नाही. वाक्य खरे की खोटे, सांगणाऱ्याने ते कशावरून सांगितले, त्यापुढे काय होईल, यांपैकी काहीही विचारले जात नाही. मग अर्थ लावण्याची गरज मुलाला का वाटावी? 'नंतर' येतच नाही. 'आधी'ची पद्धतच त्याला येऊ देत नाही.

याच्या उलट टोकाचा प्रयोग आपल्याच देशात, साध्या शाळांत होऊन गेला आहे, आणि इंग्रजीच्या अध्यापनाविषयी बोलणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी त्याची आठवण ठेवलेली नाही याची खंत वाटते. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत इंग्रजीचे वर्ग वेगळ्या रीतीने चालवून पाहिले. पुढे तो बंगलोर प्रकल्प म्हणून जगभर ओळखला गेला. तिथे व्याकरणाचे नियम क्रमाने शिकवत नसत. मुलांना रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा देत आणि तर्काने सोडवायचे प्रश्न विचारीत: अमक्या वेळी तिथे पोचायचे तर कोणती गाडी धरावी, ती चुकली तर काय करावे. उत्तराचा शोध घेताना मुले इंग्रजी वाचत, ऐकत आणि मोडकेतोडके बोलत. प्रभूंचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. मत विचारणाऱ्या कामापेक्षा तर्क चालवायला लावणारे काम नवशिक्या मुलांना अधिक उपयोगी पडते, कारण त्यात उत्तर तपासता येते आणि भाषा कच्ची असली तरी मूल अडत नाही. ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी 1985 साली या प्रकल्पाचे मूल्यमापन केले. सुट्या व्याकरणाच्या चाचणीत नेहमीच्या वर्गातली मुले पुढे होती, पण आकलनाच्या आणि प्रत्यक्ष कामाच्या चाचण्यांत प्रकल्पातली मुले सरस ठरली. विचार आधी आणल्यामुळे भाषा बुडाली नाही. शिवाय चिकित्सक विचार म्हणजे सातवीच्या मुलाला उभे करून जागतिक प्रश्नावर मत विचारणे, हा गैरसमजही या प्रयोगाने दूर व्हायला हरकत नाही. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. त्या स्थानकाचा आराखडा आणि सुरत-भुसावळ मार्गाचे वेळापत्रक हाती दिले, तर नवापूरच्या कोणत्याही शाळेत असा तास उद्या घेता येईल.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे आणि त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. ड्वाइट ॲटकिन्सन यांनी 1997 साली इंग्रजी अध्यापनाच्या क्षेत्रातल्या एका अग्रगण्य नियतकालिकात असे मांडले की चिकित्सक विचार ही नेमकी व्याख्या करता येईल अशी गोष्टच नाही. पाश्चात्त्य मध्यमवर्गीय घरांत नकळत मुरणारी ती एक सामाजिक सवय आहे, ती इतर संस्कृतींतल्या विद्यार्थ्यांवर लादणे योग्य नाही, आणि एका विषयात शिकलेले विचारकौशल्य दुसऱ्या विषयात जाते याला पुरावा थोडा आहे. आपल्याकडे हेच म्हणणे वेगळ्या शब्दांत ऐकू येते: आदिवासी समाज सामूहिक आहे, तिथे थोरांचा शब्द मानतात, वादविवाद ही शहरी सवय आहे. ॲटकिन्सन यांचा शेवटचा, विचारकौशल्य एका विषयातून दुसऱ्यात जाण्याविषयीचा मुद्दा मी मान्य करतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल विलिंगहॅम यांनीही 2007 साली तेच सांगितले: ज्या विषयाची माहिती नाही त्याविषयी चिकित्सक विचार करता येत नाही. पण या मान्यतेतून ॲटकिन्सन यांच्या निष्कर्षाच्या विरुद्ध बाजूला जावे लागते. पॉल स्टेपल्टन यांनी जपानी विद्यार्थ्यांकडून दोन विषयांवर इंग्रजीत लिहून घेतले. एक विषय होता जपानमधली तांदळाची आयात, दुसरा अमेरिकेतले बंदूक-नियंत्रण. त्याच विद्यार्थ्यांनी तांदळावर लिहिताना अधिक आणि अधिक चांगली कारणे दिली. म्हणजे 'हे लोक चिकित्सक विचार करत नाहीत' असे जे वाटत होते त्याचे एक मोठे कारण विषय परका असणे हे होते. नंदुरबारच्या वर्गात नेमके हेच रोज घडते. ज्या मुलाने विमानतळ किंवा मॉल पाहिलेला नाही त्याला त्यावरच्या संवादाबद्दल प्रश्न विचारले जातात. ते गप्प राहिले की त्याची विचारशक्ती कमी ठरते, आणि त्या निकालाच्या आधारे त्याच्यासाठी विचाराचा तास पुढे ढकलला जातो.

या मुलांच्या घरादारांत पुरावा आणि प्रतिवाद यांचा वारसा नाही, असे म्हणणाऱ्यांनी जिल्ह्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहावा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी नेत्यांनी आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न उभा केला. जमीन कुणाच्या नावावर होती, ती कोणत्या कागदाने गेली, तो कागद करताना अंगठा देणाऱ्याला काय सांगितले होते, हे प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठीही वाचता येत नव्हती. पुढे सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी 33 गावे येणार होती, ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. तिथल्या लोकांनी सरकारी सर्वेक्षणातले आकडे एकेक करून तपासले: कुणाचे घर यादीतून सुटले, कुणाची कसलेली जमीन अतिक्रमण म्हणून नोंदली गेली, दाखवलेली पुनर्वसनाची जमीन प्रत्यक्षात आहे का. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने जून 1992 च्या अहवालात पुनर्वसनाच्या तयारीवर जे कडक ताशेरे ओढले, त्याआधी समितीचे लोक नर्मदेच्या खोऱ्यातल्या गावांत फिरले होते. मार्च 1993 मध्ये बँकेचे उरलेले कर्ज रद्द झाले. धरणग्रस्तांच्या याच आंदोलनातून निघालेल्या जीवनशाळा नावाच्या शाळांनी पावरी-भिली बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेपासून सुरुवात करून शिकवता येते हे दाखवून दिले.

वनहक्क कायद्याची गोष्ट तर अजून चालू आहे आणि ती थेट शिक्षणाच्या कामाची आहे. 2006 च्या या कायद्याखाली दावा करणाऱ्या आदिवासी कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. नियम सांगतात की एकच पुरावा पुरेसा धरू नये, एकाहून अधिक पाहावेत. त्यांत सरकारी कागद चालतात, जागेवरच्या खुणा चालतात आणि गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही चालतो, पण तो वृद्ध स्वतः दावेदार नसावा. हे सगळे ग्रामसभेपुढे मांडायचे आणि तिथे तपासून घ्यायचे. कोणता साक्षीदार हितसंबंध नसलेला, कोणता पुरावा दुसऱ्याला दुजोरा देतो, तारीख का महत्त्वाची: चिकित्सक विचारावरच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात याहून वेगळे काय असते? सातपुड्यातल्या कितीतरी घरांत ही चर्चा झालेली आहे. आठवीतली मुलगी वनखात्याने केलेल्या दंडाच्या जुन्या पावतीचे पुरावा म्हणून असलेले महत्त्व घरात ऐकत मोठी झालेली असते. वनदाव्यासारखी पाच-सात सोप्या इंग्रजी वाक्यांची एक गोष्ट तिच्यापुढे ठेवा. आजोबांनी शेत केले, विहीर खणली, पावती आहे, शेजारी सांगतो की शेत नवे आहे. मग विचारा, 'हाऊ डू यू नो?' कोणते वाक्य पुरावा आहे, कोणते नुसते म्हणणे आहे, शेजाऱ्याचे का मानावे किंवा मानू नये, हे ती सांगू शकेल. त्यासाठी लागणारे 'बिकॉज', 'बट', 'इफ' हे इंग्रजी शब्द ती त्या तासात उचलेल, कारण तिला ते तिथे लागतात.

महाराष्ट्रात तर चिकित्सेला परकी म्हणण्याची सोयच नाही. जोतीराव फुल्यांनी थॉमस पेन इंग्रजीत वाचला, पण 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिले ते मराठीत, आणि 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले ते इंग्रजीत. प्रश्न त्यांच्याजवळ होता आणि तो जिथे पोचायला हवा तिथली भाषा त्यांनी वापरली. आज इंग्रजी शिकायचे कारणही यापेक्षा वेगळे नसावे. आपल्या मुलांनी इंग्रजी शिकावे असा पालकांचा आग्रह असतो, आणि तो योग्य आहे. आदिवासी विकास विभाग शहरांतल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत मुले पाठवतो, तो त्याच मागणीमुळे. पण पालकांना हवे असलेले इंग्रजी म्हणजे कार्यालयातला कागद वाचून त्यावर शंका काढता येणारे, नोकरीच्या मुलाखतीत कारण देऊन बोलता येणारे इंग्रजी. पाठ केलेल्या निबंधाने ती गरज भागत नाही.

आता अडचण भाषेची. सगळा विचार इंग्रजीतूनच करायचा म्हटले तर मूल मुके होईल, हे खरे आहे. 2011 साली फ्लॉइड यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिनी विद्यार्थ्यांना चिकित्सक विचाराची चाचणी दोन्ही भाषांतून दिली, तेव्हा स्वतःच्या भाषेत त्यांचे काम स्पष्टपणे सरस होते. विद्यापीठात पोचलेल्यांची ही गत, तर पाचवीतल्या मुलाचे काय? म्हणून मी असे म्हणत नाही की सातपुड्यातल्या मुलांनी इंग्रजीतच वाद घालावा. वर्गात कारणे शोधायची ती पावरीत, भिलीत, मावचीत, अहिराणीत शोधावीत, आणि सापडलेला निष्कर्ष दोन ओळींच्या इंग्रजीत आणावा. यावर एक जुना आक्षेप आहे: घरची भाषा वर्गात आली की इंग्रजी मागे पडते. पण आज वर्गात घरची भाषा नसूनही इंग्रजी मागेच आहे, आणि घरच्या भाषेच्या जागी शिक्षकाचे मराठी भाषांतर बसले आहे, ज्यात मुलाला काहीच करायचे नसते. जिम कमिन्स 1979 पासून सांगत आले आहेत की एका भाषेत कमावलेली अमूर्त विचाराची क्षमता दुसऱ्या भाषेच्या शिक्षणाला बळ देते. दुसरा आक्षेप असा, की बदलीवर आलेल्या शिक्षकाला पावरी येत नाही, मग तो हे कसे करणार? त्याला पावरी आली तर फारच चांगले; पण नसली तरी चार-चार मुलांचे गट आपापसांत बोलू शकतात. शिक्षकाने फक्त प्रत्येक गटाकडून एक निर्णय आणि त्याचे एक कारण मागायचे, आणि मुलांनी सांगितलेले इंग्रजीत घालायला मदत करायची. यासाठी शिक्षकाचे इंग्रजी उत्तम असावे लागत नाही, एवढेच की मुलाच्या उत्तराला 'का?' असे विचारण्याची त्याची तयारी असावी.

परीक्षेचे काय, असे शिक्षक विचारतात, आणि हा आक्षेप सर्वांत खरा आहे. दहावीला निकाल लागतो तो गुणांवर. पण मंडळाची कृतिपत्रिका उघडून पाहा. उताऱ्यावरच्या कृतींत शेवटी 'पर्सनल रिस्पॉन्स' असते, म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रतिसाद. त्याआधीच्या काळात 'व्ह्यूज अँड काउंटरव्ह्यूज' नावाचा लेखनप्रश्न होता. मंडळाने विचाराला जागा दिलेली आहे. ती आपण गाईडमधल्या तयार वाक्यांनी भरून टाकली. कोणत्याही उताऱ्याला चालेल असा 'स्वतःचा' प्रतिसाद मुले पाठ करतात आणि त्याला गुण मिळतात. तिथेच दुरुस्ती हवी. प्रतिसादाचे कारण त्या उताऱ्यातून आलेले असेल तरच पूर्ण गुण, व्याकरणाच्या चुका असल्या तरी; आणि कोणत्याही उताऱ्याला लागू पडेल असे गुळगुळीत उत्तर असेल तर अर्धेही नाहीत. तपासणीची ही एक सूचना शंभर प्रशिक्षणांपेक्षा जास्त काम करील, कारण गाईड विकत घेण्याचे कारणच ती काढून घेईल.

उरतो तो नाजूक प्रश्न. विचार करायला शिकलेले मूल पाठ्यपुस्तकापाशी थांबत नाही. ते आपल्या गावालाही प्रश्न विचारते. सातपुड्यात आजही बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण मुलगा आजारी पडला आणि भगताने एका विधवेकडे बोट दाखवले, या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध काय, हा प्रश्न कायदा विचारू शकत नाही. तो वर्गात विचारायला शिकावा लागतो. समाजाच्या रीतीत शाळेने हात घालू नये, असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की जिच्यावर आळ आला ती बाईही त्याच समाजाची आहे. तिची बाजू घेणारा प्रश्न बाहेरचा कसा ठरतो? अर्थात शिक्षकाने गावाच्या श्रद्धांची टिंगल करू नये. सरकारी जाहिरात, कीटकनाशकाच्या कंपनीचा दावा, मोबाइलवर आलेला संदेश आणि गावातली अफवा, या सगळ्यांना तोच एक प्रश्न लावण्याची सवय मुलांना लावावी. जो प्रश्न सरकारी कागदाला चालतो तो भगताच्या शब्दालाही चालला पाहिजे.

हे सगळे करायला शिक्षकांना वेळ कुठे आहे, ही अडचण मला मान्य आहे. रिक्त पदे, एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या घरांबरोबर मुलांचे जाणे-येणे, माहिती भरण्याची न संपणारी कामे, यांतून जो वेळ उरतो तो थोडाच. पण तो थोडा वेळ आज फळ्यावरची उत्तरे उतरवून घेण्यात जातो आणि त्यातून हाती काही लागत नाही. तासातली दहा मिनिटे कारण शोधण्याला दिली तर अभ्यासक्रम बुडणार नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने (डाएट) आणि नंदुरबार-तळोद्याच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयांनी शिक्षकांच्या हाती आणखी एक मार्गदर्शिका ठेवण्याऐवजी या जिल्ह्यातल्याच विषयांवरचे सोपे इंग्रजी उतारे ठेवावेत: नवापूरचे स्थानक, नंदुरबारच्या बाजारातला मिरचीचा भाव, वनदाव्याचा पुरावा, काठी गावची होळी. परीक्षा मंडळाने तपासणीची सूचना बदलावी. आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी यांपैकी कशाचीही वाट न पाहता या जूनमध्ये पाचवीचा पहिला उतारा वाचून झाला की अर्थ सांगण्याआधी मुलांकडून एक कारण मागावे, ते पावरीत आले तरी घ्यावे, आणि मुलांना बरोबर घेऊन इंग्रजीत फळ्यावर लिहावे.